मानेतल्या इंजेक्शनाआधी दुर्बीण

*ताई, नमस्कार. माझं वय ५४. यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. सात-आठ वर्षांपासून मला ॲसिडिटीचा त्रास आहे. मेडिकलवरून गोळी आणतो, घेतली की दोन-चार दिवस बरं वाटतं. यंदा होळीपासून मात्र घास गिळायला त्रास होतोय. आधी फक्त भाकरी अडकायची, आता पोळीसुद्धा पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावी लागते. गळ्याखालच्या खड्ड्यात बोट ठेवलं की बरोबर तिथेच अडकल्यासारखं वाटतं. सुरतला माझा मेहुणा आहे. त्याच्या ओळखीतल्या एकाला घशाचा असाच त्रास होता. तिथल्या एका पेन क्लिनिकमध्ये मानेतली नस ब्लॉक करायचं इंजेक्शन दिलं आणि पंधरा दिवसांत तो मोकळा झाला. ॲसिडमुळे घशाची नस बिघडते, ती शांत केली की गिळणं सुधारतं, असं तिथे सांगतात. मेहुणा म्हणतो, ये, एका दिवसाचं काम आहे. आमच्या मंडळींचं म्हणणं, आधी ताईंना विचारा. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेलाय आणि मी तंबाखू खातो, हेही त्यांनीच लिहायला लावलं. सध्या केळीची कापणी चालू आहे. ती उरकली की सुरतला जावं का?*
*— एक केळी उत्पादक, यावल तालुका*

भाऊ, नमस्कार.

सुरतला जाऊ नका. निदान आत्ता तरी नाही. आधी तुम्हाला जळगावला जायचंय, उपाशीपोटी, दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला. आणि कापणी उरकायची वाट न बघता, याच आठवड्यात. पुढचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच ठरवा.

सात-आठ वर्षांची ॲसिडिटी वाचून मला फारसं काही वाटलं नाही. आपल्याकडे घरटी एकाला ती असते. मी थांबले ते वहिनींनी लिहायला लावलेल्या ओळीपाशी. पट्टा दोन भोकं आत जाणं म्हणजे पाच-सहा किलो वजन उतरलेलं असणार. त्याच्या जोडीला आधी भाकरी, मग पोळी, असा चार महिन्यांत चढत गेलेला त्रास, पन्नाशी उलटलेलं वय आणि तंबाखू. या चार गोष्टी एका माणसात एकत्र दिसल्या की कुठलाही डॉक्टर आधी अन्ननलिकेत डोकावून बघतो, बाकीचं नंतर. यातून काही भयंकरच निघेल असं मी म्हणत नाही. पुष्कळदा निघतं ते अगदी बरं होण्यासारखं असतं. पण न बघता ते कळायचं कसं?

माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. अमळनेरकडचे माझे काका. मी डॉक्टर होऊन दोनेक वर्षं झाली होती. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी सगळे भाऊबंद जमले होते. काका माझ्या समोरच्या ओळीत बसले होते. रोटाचा तुकडा मोडायचा, दुधात बुडवायचा, मऊ होईपर्यंत बोटांनी दाबत राहायचं आणि मग तोंडात. तीन-चार घासांनंतर त्यांचा हात गळ्याखाली जाऊन थांबला. डोळ्यांत पाणी आलं. पितळी पेल्यातलं पाणी त्यांनी घेतलं, पण तेही लगेच उतरलं नाही, गालात धरून ठेवलेलं दिसत होतं. ते उठले, मागच्या दाराने मोरीकडे गेले आणि उपरण्याने मिशा पुसत परत येऊन बसले. मी नुसतं बघितलं, तर म्हणाले, “माले काहीच व्हयेल नही, ठसका लागना.” कानबाईचा रोट ताटात टाकायचा नसतो, म्हणून त्यांनी उरलेला तुकडा हळूच धाकट्या पुतण्याच्या ताटात सरकवला. मी हे सगळं पाहिलं, आणि डॉक्टर असूनही काही विचारलं नाही. त्यांना कोणीतरी ॲसिडिटी म्हणून गुलाबी पातळ औषधाची बाटली दिली होती, तीच चालू होती. दिवाळीत ते माझ्याकडे आले तेव्हा फक्त चहा आणि वरणाचं पाणी उतरत होतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गाठ होती. श्रावणात दुर्बीण घातली असती तर काय झालं असतं, हे आता सांगता येणार नाही. पण तेव्हापासून जेवताना गळ्याखाली हात नेणारं माणूस दिसलं की मी विचारल्याशिवाय राहत नाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

आता तुम्ही ज्या खड्ड्यावर बोट ठेवता त्याबद्दल. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे एक वीत आणि वर थोडी. घशाखाली सुरू होते, छातीच्या पिंजऱ्यातून, हृदयाच्या मागून खाली उतरते आणि पोटात शिरताना तिला एक झडप असते. गंमत अशी की तिच्या आतल्या भागाला आपलं ठिकाण नीट सांगता येत नाही. हाताला काटा टोचला तर आपण डोळे मिटूनही जागा दाखवतो. अन्ननलिकेत अगदी खाली, पोटाच्या तोंडाशी घास अडकला, तरी माणूस बऱ्याचदा बोट ठेवतो ते गळ्याखालच्या खड्ड्यावरच. उलट मात्र सहसा होत नाही, घशात अडकलेलं छातीत खाली जाणवत नाही. म्हणून “इथे अडकतं” असं मानेवर बोट ठेवून सांगणाऱ्याचा आजार मानेतच असेल असं धरून चालता येत नाही. तुमचं बोट बघून मानेत सुई घालायची आणि खरा अडथळा वीतभर खाली तसाच राहायचा, असं होऊ शकतं. मला सगळ्यात जास्त भीती हीच वाटते.

घशात अडकणं आणि अन्ननलिकेत अडकणं यांतला फरक काही खुणांवरून कळतो. गिळायला सुरुवात करतानाच अवघड जातं, पाणी पिताना ठसका लागतो, नाकातून पाणी येतं, तर दोष घशाकडचा, बऱ्याचदा मेंदूकडून येणाऱ्या सूचनेतला. घास गिळला जातो आणि दोन-चार सेकंदांनी पुढे कुठेतरी थबकतो, तर अन्ननलिकेतला. तुम्ही पाण्याचा घोट घेऊन घास ढकलता आणि तो जातो. हे दुसऱ्या प्रकारात बसतं. त्यातही फक्त घट्ट पदार्थ अडकत असतील आणि पातळ बिनतक्रार जात असेल, तर वाट कुठेतरी अरुंद झाली असण्याची शक्यता जास्त. घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासूनच अडकत असतील, तर अन्ननलिकेच्या स्नायूंची चाल बिघडलेली असू शकते.

ॲसिडने वाट अरुंद कशी होते? पोटातलं आम्ल फार तीव्र असतं. पोटाला त्यापासून वाचवणारं अस्तर आहे, अन्ननलिकेला तसं नाही. झडप सैल पडून ते आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की आतली त्वचा सोलपटते, सुजते, भरून येते, पुन्हा सोलपटते. भाजलेल्या जागी जसा वण आकसतो तसा तिथेही वण आकसतो, आणि नळीला कडं पडतं. निरोगी अन्ननलिका दोन सेंटिमीटरहून जास्त ताणली जाते. ती वाट १३ मिलिमीटरच्या खाली आली की भाकरीसारखा कोरडा, चिवट घास अडकू लागतो. जखम ताजी असेल तर नुसत्या सुजेनेही अडकतं. कधी आम्लाच्या माऱ्याने स्नायूंची लाट क्षीण होते आणि घास पुढे ढकलायला जोर पुरत नाही.

या सगळ्याला लोक ॲसिडिटीच म्हणतात, पण ॲसिडिटीचं सोंग घेऊन येणारे आजारही आहेत. एकात खालची झडप उघडतच नाही. अन्न वरच तुंबतं, आंबतं आणि रात्री तोंडात येतं. माणसाला वाटतं, आंबट ढेकर आहे. त्याला अकॅलेशिया म्हणतात. दुसऱ्यात अन्ननलिकेला ॲलर्जीसारखी सूज असते, नुसतं बघून ती कळेलच असं नाही, तुकडा तपासावा लागतो. आणि तिसरा अर्थात कॅन्सर. तंबाखू, बिडी, दारू यांचा अन्ननलिकेच्या कॅन्सरशी थेट संबंध आहे, आणि जुन्या आम्लपित्ताचाही एका प्रकाराशी आहे. तंबाखू तोंडात धरतो, गिळत नाही, असं सगळे सांगतात. लाळेबरोबर ती रोज खाली जातच असते. वाचणाऱ्या बायाबापड्यांनो, मिसरीही तंबाखूच आहे, हे याच ओळीत वाचून ठेवा.

आता तुमच्या इंजेक्शनाकडे येते. ते थोतांड आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते तसं नाही. मेहुण्याच्या ओळखीतला माणूस खरंच मोकळा झाला असेल.

मेंदूतून निघून मान, छाती, पोट असा खालपर्यंत जाणारा एक लांबलचक मज्जातंतू आहे, व्हेगस. त्याची एक फांदी मानेत स्वरयंत्राकडे जाते, तिचं नाव सुपिरियर लॅरिंजियल नर्व्ह. स्वरयंत्राच्या वरच्या भागाची सगळी जाणीव तिच्यावर असते. काही माणसांत ही फांदी अति हळवी होते. कधी एखाद्या सर्दी-तापानंतर, कधी ॲसिड वरपर्यंत येत राहिल्याने. मग घशात काहीच नसताना गोळा असल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावंसं वाटतं, खोकला महिनोन्महिने जात नाही. अशा माणसाला सगळ्या तपासण्या करून, बाकीची औषधं देऊन झाल्यावर, मानेत बाहेरून त्या फांदीजवळ सुन्न करणारं औषध आणि थोडं स्टेरॉइड देतात. याचा मुख्य उपयोग हट्टी खोकल्यासाठी होतो. अनेकांना बरं वाटतं, काहींना ते पुन्हा घ्यावं लागतं. घशातल्या गोळ्यासाठी आणि अडथळा न सापडलेल्या गिळण्याच्या तक्रारीसाठीही ते काही ठिकाणी करून पाहिलंय, पण तो अनुभव थोड्या रुग्णांवरचा आहे. पहिला उपाय म्हणून कोणाला द्यावा इतका तो पक्का झालेला नाही.

त्यात “अडथळा न सापडलेल्या” हे शब्द महत्त्वाचे आहेत. ही फांदी जाणिवेची आहे. ती शांत केली तर अडकल्याची भावना कमी होईल. नळीला पडलेलं कडं तिच्याने रुंद होणार नाही, गाठ असेल तर विरघळणार नाही, आणि पोटातलं आम्ल वर यायचंही थांबणार नाही.

तुम्ही शेतकरी आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. विहिरीवरची मोटार सारखी ट्रिप होते. कोणीतरी येतो आणि मोटार जळू नये म्हणून ती बंद पाडणाऱ्या, स्टार्टरमधल्या रिलेला काडी लावून देतो. मोटार चालते, पाणी पडतं, माणूस खूश होऊन घरी जातो. मोटार ट्रिप का होत होती, एक फेज कमी येत होता की पंप जाम झाला होता, हे कोणीच बघितलेलं नसतं. आठवड्याने वाइंडिंग जळाल्याचा वास येतो. घास अडकण्याची जाणीव हा तुमचा रिले आहे, त्याला आत्ता काडी लावू नका.

दुसरीही एक शक्यता आहे. “मानेतली नस” म्हणून काही जण स्टेलेट गँग्लियन ब्लॉक करतात. मानेच्या मुळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या गाठीजवळ औषध सोडतात. हाताच्या काही हट्टी दुखण्यांसाठी ते खरंच उपयोगी आहे. पण ते दिल्यावर काही तास आवाज बसणं, पापणी खाली येणं आणि घशात गोळा वाटून गिळायला जड जाणं, हे त्याचे माहीत असलेले परिणाम आहेत. ज्याला आधीच गिळायला त्रास आहे त्याने हे समजून घेऊनच पुढे जावं. मेहुण्याला फोन करून नक्की कोणत्या नसेचं इंजेक्शन होतं ते विचारा. आणि त्या माणसाची त्याआधी दुर्बीण झाली होती का, हेही विचारा. मला वाटतं, झाली असेल आणि त्यात काही निघालं नसेल. तसं असेल तर त्याचा आजार वेगळा आणि तुमचा वेगळा.

मज्जातंतू बंद करून ॲसिडचा आजार मिटवायचा विचार तसा जुना आहे. १९४३ साली शिकागोच्या ड्रॅगस्टेड नावाच्या सर्जनने अल्सरच्या रुग्णांचा व्हेगस कापायला सुरुवात केली, कारण पोटाला आम्ल सोडायचा हुकूम त्याच्यातून जातो. आम्ल खरोखर कमी झालं, अल्सर भरले. पण पोट रिकामं करायचा हुकूमही त्याच तंतूतून जातो, त्यामुळे अन्न पोटात साठून राहू लागलं. मग पोटाला बाहेर वाट करून देणारी आणखी एक शस्त्रक्रिया जोडावी लागली. पुढे सत्तरच्या दशकात आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आल्या, १९८८ मध्ये ओमेप्राझोल बाजारात आलं, आणि ती कापाकापी जवळजवळ संपली. एका तंतूतून अनेक कामं चालतात. म्हणून त्याला हात लावण्याआधी कारण पक्कं माहीत असावं लागतं.

दुर्बिणीला लोक फार घाबरतात, म्हणून त्या दिवशी काय होतं ते सांगते. सहा ते आठ तास काही खायचं नाही. सकाळची तंबाखूही नाही. घशात एक कडू फवारा मारतात. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत एक कडं देतात. करंगळीएवढी जाड, लवचिक नळी गिळायला सांगतात. उबळ येते, डोळ्यांतून पाणी येतं, पण श्वास अडत नाही, कारण श्वासाची वाट वेगळी आहे. पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपतं. हवं तर झोपेचं इंजेक्शन देतात, मग मात्र सोबत कोणीतरी हवं आणि त्या दिवशी मोटरसायकल चालवायची नाही. संशय वाटला तर चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे घेतात, ते दुखत नाही. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं गावोगाव सांगतात. तसं होत नाही, त्यामुळे तुकडा घ्यायला नाही म्हणू नका.

तपासणीनंतर तुम्हाला सांगतील, अर्धा-पाऊण तास पाणीसुद्धा पिऊ नका. त्या फवाऱ्याने घसा सुन्न झालेला असतो, आणि सुन्न घशाला पाणी श्वासनलिकेकडे चाललंय हे कळत नाही. मानेतल्या ब्लॉकनंतरही हाच धोका असतो आणि तो जास्त वेळ टिकतो, तोवर तोंडाने काही घ्यायचं नसतं.

जळगाव आणि धुळ्यात दुर्बिणीची सोय आहे. दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत, खर्चाची अडचण असेल तर आधी तिथे चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, योजनेतल्या रुग्णालयांत तो बसलेला असतो.

तिथे काय निघालं त्यावर पुढचं. नुसती जखम असेल तर पॅन्टोप्राझोलसारखी गोळी आठ आठवडे, न चुकता. इथे तुमची एक चूक दुरुस्त करते, तुम्ही लिहिलं नसलं तरी बहुतेक सगळे ती करतात. ही गोळी जेवण झाल्यावर किंवा जळजळ सुरू झाल्यावर घ्यायची नसते. पोटातले आम्लाचे पंप जेवताना चालू होतात, आणि चालू असलेल्या पंपावरच ती काम करते. म्हणून जेवणाच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी. दोन दिवस घेतली, चार दिवस सोडली, असं केलं की जळजळ दबते, जखम भरत नाही.

कडं पडलेलं असेल तर दुर्बिणीतूनच ते रुंद करतात, फुग्याने किंवा हळूहळू जाड होत जाणाऱ्या नळ्यांनी. एका बैठकीत थोडंच, मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. घाई केली तर नळी फाटायचा धोका असतो, म्हणून “एकदाच काय ते करून टाका” असा आग्रह धरू नका. बहुतेकांना पहिल्या-दुसऱ्या बैठकीनंतरच भाकरी उतरू लागते. मात्र गोळी चालू ठेवावी लागते, नाहीतर कडं पुन्हा आवळतं. झडप उघडत नसेल तर त्याची शस्त्रक्रिया वेगळी आहे, आता ती दुर्बिणीतूनही होते. त्या आजारात झडपेत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, तेही एका अर्थी नस गप्प करणंच. पण ते नेमक्या झडपेत, नेमक्या निदानानंतर, आणि शक्यतो ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही त्यांच्यासाठी. काही महिन्यांत त्याचा असर ओसरतो.

गाठ निघाली तर सीटी स्कॅन आणि कॅन्सरचा डॉक्टर, आणि तिथे एकही आठवडा घालवायचा नाही.

आणि सगळं साफ निघालं तर? तुकड्यांचा रिपोर्टही चांगला आला तर? मग बेरियमचं पांढरं औषध पिऊन काढायचा एक्स-रे असतो, स्नायूंची लाट मोजणारी मॅनोमेट्री असते, नाकातून बारीक तार घालून चोवीस तास आम्ल मोजायची तपासणी असते. या शेवटच्या दोन तपासण्यांसाठी मोठ्या शहरात जावं लागू शकतं. कान-नाक-घसा डॉक्टरांकडून स्वरयंत्रही बघून घ्यावं लागेल. तिथेही काही मिळालं नाही आणि घसा नुसताच हळवा ठरला, तर आधी अगदी कमी मात्रेतल्या मज्जातंतूंच्या गोळ्या आणि गिळण्याचे व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट, आणि त्यानंतर तुमचं ते इंजेक्शन. तेव्हा मला विचारलंत तर मी जरूर जा म्हणेन. सोनोग्राफीत बघून देणारा अनुभवी डॉक्टर असेल, एवढं बघा. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी देत असतील तर का, ते विचारा.

तपासणी होईपर्यंत जेवणाचं असं करा. कळण्याची भाकरी, बट्टी, कोरडा भात हे काही दिवस बाजूला. खिचडी, वरणात कुस्करून मऊ केलेली पोळी, ताक-भात. वांग्याचं भरीत मऊ असतं, पण आपण त्यात हिरव्या मिरच्या आणि तेल किती घालतो ते आपल्यालाच माहीत, तेव्हा तुमच्यापुरतं वेगळं काढून ठेवायला सांगा. शेवभाजी आणि ठेचा नकोच. ताठ बसून, लहान घास, आणि आधीचा उतरल्याशिवाय पुढचा नाही. घास अडकला की आपल्या भागात हमखास सांगतात, केळं खा, ढकलून नेईल. केळी पिकवणाऱ्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण असं करू नका. वाट अरुंद असेल तर केळं वर बसतं आणि होती तीही वाट बंद होते. घास अडकला आणि स्वतःची लाळही गिळता येईना, तर घरी वाट बघायची नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात, रात्रीचे दोन वाजले तरी. काळा डांबरासारखा संडास झाला किंवा उलटीत रक्त दिसलं तरी तसंच.

गुडघ्यासाठी, कंबरेसाठी दुखण्याच्या गोळ्या घेत असाल तर त्या बंद करून डॉक्टरांना सांगा. कुठलीही गोळी बसून, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. आडवं होऊन घोटभर पाण्याने घेतलेली गोळी अरुंद नळीत चिकटून तिथेच जखम करते.

आणखी एक, शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते, हे मला ठाऊक आहे. पाणी लावून अकरा-साडेअकराला घरी यायचं, गरम-गरम जेवायचं आणि लगेच अंग टाकायचं. ॲसिड वर यायला याहून सोपी वाट नाही. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. त्यामुळे संध्याकाळी सातला जेवून मगच शेतावर जा, परत आल्यावर फार तर कपभर दूध. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा द्या, सहा ते आठ इंच उंच होईल एवढ्या. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. आणि तंबाखू. ती सोडायला किती कठीण जातं हे मी काकांच्या घरात पाहिलंय, त्यामुळे “सोडा” म्हणून मोकळी होणार नाही. दुर्बिणीच्या दिवशी उपाशी असताना ती सकाळी तोंडात नसेलच. दुपारी पुन्हा सुरू करू नका. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल, घरात आधीच सांगून ठेवा.

वहिनी, हे तुमच्यासाठी. पट्ट्याची भोकं तुम्ही मोजलीत म्हणून मला हे पत्र नीट वाचता आलं. जळगावला तुम्हीही सोबत जा. डॉक्टरांनी विचारलं तर भाऊ “तसं काही विशेष नाही” म्हणतील. भाकरी कधीपासून बंद झाली, रात्री उठून बसतात का, खोकतात का, आवाज बदललाय का, हे तुम्ही सांगा. आजच वजन करून तारखेसह लिहून ठेवा. गावात काटा नसेल तर किराणा दुकानातला धान्याचा काटा चालेल.

कापणीला एक दिवस मुलगा किंवा भाऊबंदांपैकी कोणी उभं राहू शकेल. घड मोजायला आणि गाडी भरायला दुसरा माणूस मिळतो. दुर्बिणीचा रिपोर्ट हातात आला की त्याचा फोटो मला पाठवा, आणि तुकडा घेतला असेल तर तो रिपोर्ट कधी मिळणार ती तारीखही लिहा.

तुमची,
डॉक्टरताई